सैनिकांच्या नावाचे सोने

धनत्रयोदशी जवळ आली की काशीमीरा, मीरा रोड आणि भाईंदर या पट्ट्यातील सराफी पेढ्यांवर दागिन्यांइतकीच नाण्यांची विचारणा होते. व्यापारी कुटुंबाला नाणे आवडते याची कारणे व्यावहारिक आहेत. घडणावळ कमी, खड्यांचे वजन वजा करण्याचा प्रश्न नाही, मोडताना टंचावरून वाद नाही, आणि लग्नकार्यात किंवा पारण्याच्या प्रसंगी पाकिटात घालून देता येते. लक्ष्मी-गणेशाच्या छापाबरोबरच रणगाडा, युद्धनौका, विमान किंवा जवानाची आकृती असलेली सोनेरी नाणीही बाजारात दिसतात. ‘सेनेच्या सन्मानार्थ’ असे दोन शब्द डबीवर असले की गिऱ्हाईक भाव करीत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

वस्तुतः भाव करण्याची खरी वेळ हीच. अशा नाण्यात सोने किती, ते पाडले कोणी, आणि सन्मानाच्या नावाने घेतलेली जादा रक्कम कोणाच्या खात्यात जमा झाली, एवढे विचारले तर देशभक्ती उणावत नाही. ज्या देशाने सेनादलाच्या गौरवार्थ खरोखरच सोन्याचे नाणे काढले, तेथे या प्रश्नांची उत्तरे कायद्यातच लिहून ठेवलेली होती.

अमेरिकेने २०११ मध्ये आपल्या भूदलाच्या सन्मानार्थ पाच डॉलर दर्शनी मूल्याचे सोन्याचे नाणे काढले. त्यासाठीचा कायदा २००८ च्या डिसेंबरमध्येच झाला होता. नाण्याच्या एका बाजूस स्वातंत्र्ययुद्धापासून आजपर्यंतच्या वेगवेगळ्या काळांतील पाच सैनिक आणि दुसऱ्या बाजूस भूदलाचे बोधचिन्ह आहे. वजन ८.३५९ ग्रॅम, सोने ९० टक्के, म्हणजे शुद्ध सोने साधारण साडेसात ग्रॅम. सोबत चांदीचा एक डॉलर आणि साध्या धातूचा अर्धा डॉलर अशी आणखी दोन नाणी होती. सोन्याची एक लाख, चांदीची पाच लाख आणि साध्या धातूची साडेसात लाख, याहून अधिक नाणी पाडायची नाहीत, असे बंधन कायद्याने घातले होते.

खरा विचार करण्याजोगा भाग पुढे आहे. प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर, चांदीच्या नाण्यामागे १० आणि साध्या नाण्यामागे ५ डॉलर असा अधिभार ठरवून दिलेला होता. तो सैन्याच्या इतिहासाचे काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाला मिळायचा, आणि त्यातून व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट बेल्व्हॉर येथे भूदलाचे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्यास साहाय्य व्हायचे. मात्र टांकसाळीचा स्वतःचा खर्च आधी वसूल झाला पाहिजे, आणि अधिभार घेणाऱ्या संस्थेने तेवढीच रक्कम खासगी देणग्यांतून उभी केल्याचे दाखवले पाहिजे, या दोन अटी तेथील सर्वच स्मारक नाण्यांना लागू असतात. सरकारी पैशाला हात न लावता, देणगीदारांच्या पैशाला देणगीदारांच्याच पैशाची जोड द्यायची, अशी ही योजना. कर्ज मंजूर करताना बँक मालकाचे स्वतःचे भांडवल किती आहे ते पाहते, त्यातलाच हा प्रकार.

आता हिशेब. सर्वच नाणी खपली असती तर अधिभाराचे सव्वा कोटीच्या आसपास डॉलर जमले असते. प्रत्यक्षात सोन्याच्या एक लाख नाण्यांपैकी सुमारे पंचवीस हजारच विकली गेली. म्हणजे सोन्याच्या नाण्यातून संग्रहालयाच्या वाट्याला आले ते पावणेनऊ लाख डॉलरच्या जवळपास. ते वर्षच तसे होते. सप्टेंबरमध्ये सोने औंसाला १९०० डॉलरच्या वर पोचले. त्या भावाने नाण्यातील नुसत्या धातूचीच किंमत ४६० डॉलर होते, आणि त्याखेरीज टांकसाळीची घडणावळ आणि अधिभार. सोने महाग झाले की सराफाकडचा सामान्य गिऱ्हाईक जसा मागे सरतो, तसाच तेथला संग्राहकही सरला.

याउलट २००५ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोर या दलाला २३० वर्षे झाली तेव्हा सोने काढलेच नव्हते. फक्त चांदीचा डॉलर होता आणि त्यावर इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे चित्र. पाच लाखांची मर्यादा मागणीपोटी सहा लाखांवर न्यावी लागली आणि जवळजवळ सर्व नाणी संपली. दहा डॉलरप्रमाणे अधिभाराची रक्कम साठ लाख डॉलरच्या घरात गेली. गौरवासाठी सोनेच हवे, ही समजूत हिशेबाच्या वहीत टिकत नाही. सैनिकांसाठी अधिक पैसा चांदीने गोळा केला, कारण ती नोकरदाराच्याही आवाक्यात होती. भूदलाचे संग्रहालय पुढे ११ नोव्हेंबर २०२० रोजी खुले झाले.

त्या सोन्याच्या नाण्याचा खरेदीदार मात्र आज ते मोडायला गेला तर त्याला धातूचा भाव मिळेल, ३५ डॉलर परत मिळणार नाहीत. तो अधिभार त्याने दिलेले दान होते. ते गुंतवणुकीच्या खात्यात मांडले की ताळेबंद चुकतो.

भारतातही सेनादलांचा गौरव नाण्यांवर झालेला आहे, पण तो निराळ्या धातूंत. भारतीय वायुसेनेला ७५ वर्षे झाली तेव्हा, २००७ मध्ये, दोन रुपयांचे पोलादी नाणे निघाले. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१५ मध्ये निकेल-पितळेचे पाच रुपयांचे नाणे आले. त्यावर अमर जवान स्मारक आणि शौर्य व बलिदान हे शब्द आहेत. दुकानाच्या गल्ल्यात ते अनेकदा येऊन गेले असेल आणि कोणी पाहिलेही नसेल. राष्ट्रीय छात्रसेनेच्या ७५ वर्षांनिमित्त २८ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ७५ रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. छात्रसेना हे लढाऊ दल नसले तरी ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. अशा मोठ्या दर्शनी मूल्याच्या नाण्यांत साधारणपणे अर्धी चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त असे मिश्रण असे. जैन घरांना हा प्रकार अपरिचित नाही. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचे २००१ मधील नाणे किंवा श्रीमद् राजचंद्रांच्या १५० व्या जयंतीचे २०१७ मधील दीडशे रुपयांचे नाणे अनेकांच्या कपाटात आहे. श्रीमद् स्वतः मुंबईत जवाहिराचा व्यापार करीत, हे येथे सहज आठवते.

ही नाणी सरकारी टांकसाळीतून दर्शनी मूल्यापेक्षा पुष्कळ अधिक किमतीला विकली जातात. त्या किमतीत चांदी, कारागिरी, डबी आणि कर असतो. अमेरिकेतल्यासारखा सैनिकांसाठीचा वेगळा अधिभार त्यात नसतो. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणजे सालाखालचा छोटा चौकट-हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, तर कोलकात्याची काहीच खूण नाही. शिवाय २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक हजार रुपयांपेक्षा मोठ्या दर्शनी मूल्याचे नाणे पाडता येत नाही. सोन्याच्या आजच्या भावात हजार रुपयांचा छाप आणि आतला धातू यांचा मेळ बसणे कठीणच. भारत सरकारने ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘इंडिया गोल्ड कॉइन’ आणले ते अशोकचक्र व महात्मा गांधींच्या प्रतिमेसह, ९९९ शुद्धतेचे आणि हॉलमार्कयुक्त. ती ग्रॅमवर विकली जाणारी वस्तू आहे. त्यावर कोणत्याही सेनादलाचा उल्लेख नाही.

मग मुंबईच्या टांकसाळीत सोने आणि सैन्य यांची गाठ कधी पडलीच नाही का? पडली, आणि मोठ्या प्रमाणावर पडली. मात्र सन्मानासाठी नव्हे, गरजेपोटी.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी रणांगणांवर गेली. धान्य, ताग, कापड, कातडी यांची लष्करी खरेदी प्रचंड वाढली. या सर्वांची देणी रुपयांत, म्हणजे चांदीत, चुकवायची होती आणि चांदी मिळेनाशी झाली. १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट आली ती याच टंचाईतून. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपल्या साठ्यातील चांदी विकायला काढली आणि त्यातील २० कोटी औंस हिंदुस्थानसाठी ठेवली. ती पोचेपर्यंत तग धरण्यासाठी सोन्याचाही आधार घेण्यात आला. १९१७ च्या वटहुकुमाने खासगी व्यापाऱ्यांनी आयात केलेले सोने सरकारने ताब्यात घेण्यास आरंभ केलेलाच होता. ते लंडनला नेऊन त्याची नाणी पाडून परत आणायची तर समुद्रात पाणबुड्या. म्हणून लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईच्या टांकसाळीतच उघडली गेली.

१९१८ या एका सालात मुंबईत सोन्याची दोन प्रकारची नाणी पडली. पहिले पंधरा रुपयांची मोहर. तिची संख्या एकवीस लाखांच्या आसपास होती. दुसरे ब्रिटिश सॉव्हरिन, म्हणजे घरोघरी ‘गिनी’ म्हणून ओळखले जाणारे नाणे, ते सुमारे तेरा लाख. दोहोंचे वजन ७.९८ ग्रॅम आणि टंच २२ कॅरेट, सारखेच. पौंडाचा दर तेव्हा पंधरा रुपये धरला जाई, त्यामुळे मूल्यही एकच. युद्ध संपले, शाखा बंद झाली, आणि गिनी पुन्हा मुंबईत पडली नाही. व्यवहारात ही नाणी फार काळ फिरलीही नाहीत. सोने एकदा हाती आले की ते गल्ल्यात राहत नाही, तिजोरीत जाते, हे पश्चिम किनाऱ्यावरच्या कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्या गिनीवर सैन्याच्या गौरवाचा एक शब्दही नाही. घोड्यावरून अजगर मारणारा संत जॉर्ज आहे, तोही इंग्रजांचा. तरीही युद्ध नसते तर ती मुंबईत पडलीच नसती.

पुढच्या वेळी दिशा उलटली. १९१८ मध्ये सरकारने सोन्याची नाणी लोकांत सोडली होती. चीनने १९६२ मध्ये आक्रमण केल्यावर सरकारने लोकांकडे सोने मागितले. राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन झाला आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ते शुद्ध दान होते. त्याच नोव्हेंबरात साडेसहा टक्के व्याजाचे, १९७७ मध्ये परत करावयाचे सुवर्णरोखे निघाले. तेथे दान आणि गुंतवणूक यांची सरमिसळ सुरू झाली. सोन्याची किंमत आंतरराष्ट्रीय भावाने, दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे अशी धरली गेली. मुंबईच्या बाजारातला भाव त्याच्या दुपटीच्या आसपास होता. मुदतीनंतर परतफेड रुपयांत झाली, सोन्यात नाही. १९७७ पर्यंत भाव कितीतरी पटींनी वाढलेला होता. या रोख्यांत १६.३ टन सोने जमले. त्या काळातील देशातील सोन्याचा विचार करता ही रक्कम मोठी म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण लोकांच्या देशप्रेमात शोधण्याची जरुरी नाही. ते ५३ रुपये ५८ पैशांत आहे.

सरकारने यातून धडा घेतला. पाकिस्तानशी झालेल्या युद्धानंतर ऑक्टोबर १९६५ मध्ये जे राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे आले, त्यांत व्याज नाममात्र होते, पण १९८० मध्ये सोन्याच्या बदल्यात सोनेच परत मिळणार होते. शिवाय हे सोने कोठून आले याची चौकशी न करण्याची हमी होती. काही महिन्यांत १३.७ टन जमले. ज्याने ऐंशी साली आपले सोने मोजून घेतले, तो पूर्वीच्या रोखेधारकाच्या तुलनेत कितीतरी सुखी होता. दोघांनीही संकटकाळी देशाला सोने दिले होते. फरक पडला तो रोख्यामागच्या बारीक अक्षरांतील एका शब्दाने. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २(१४) मध्ये, भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळलेल्या वस्तूंत या रोख्यांची नावे पुढे अनेक दशके तशीच छापली जात राहिली. कित्येक तरुण सनदी लेखापालांनी ती नावे केवळ परीक्षेपुरती पाठ केली असतील.

दान आणि गुंतवणूक यांच्या गोंधळाचे सर्वांत मोठे उदाहरण याच रोख्यांशी निगडित आहे. हैदराबादच्या निजामाने युद्धकाळात देशाला पाच टन सोने दान दिले, ही कथा आजही आवडीने सांगितली जाते. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या निजामांविषयी ती महाराष्ट्रातही तितकीच फिरते. प्रत्यक्षात पाच टनांच्या दानाची नोंद संरक्षण निधीकडे नाही, असे माहितीच्या अधिकारातील उत्तरात निष्पन्न झाले. निजामांनी ४२५ किलो सोने १९६५ च्या सुवर्णरोख्यांत गुंतवले होते. ही गुंतवणूकही देशाच्या कामी आलीच, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण जे परत मिळण्याच्या कराराने दिले जाते, त्याला हिशेबाच्या भाषेत दान म्हणत नाहीत. वजन तर कथेत जवळपास बारा पटींनी वाढले.

या पार्श्वभूमीवर बाजारातील ‘सेना सन्मान’ नाण्यांकडे पाहावे. ती खासगी पदके असतात. त्यांवर रुपयांतील दर्शनी मूल्य नसते आणि ती चलन नसतात. बहुतेकदा पितळ किंवा तांब्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो मोडीत काढल्यास सोन्याचा भाव येत नाही. खरोखरच सोन्याचे पदक असेल तर हॉलमार्क, वजन आणि टंच पाहून धातूची किंमत काढावी. तीन टक्के वस्तू व सेवा कर त्यात मिळवावा. त्यावर जे उरते ती चित्राची किंमत. चित्रापोटी किती द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातील काही भाग सैनिक कल्याणाला जातो असे विक्रेता सांगत असेल तर कोणत्या निधीला, नाण्यामागे किती रुपये आणि पावती कोणाच्या नावाने, हे लेखी मागावे. तोंडी उत्तर मिळाले तर ते उत्तर नव्हे.

सैनिकांसाठी द्यायचेच असेल तर राष्ट्रीय संरक्षण निधी आजही चालू आहे. त्याच्या समितीचे अध्यक्ष पंतप्रधान असतात आणि संरक्षण, गृह व अर्थ या खात्यांचे मंत्री सदस्य असतात. निधीचे पैसे रिझर्व्ह बँक सांभाळते. जुन्या करपद्धतीत कलम ८० जी खाली त्याला शंभर टक्के वजावट मिळत आली आहे. माजी सैनिक व वीरपत्नींसाठी सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे, ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो. येथे दिलेल्या रुपयातून घडणावळ, डबी, जाहिरात आणि विक्रेत्याचा नफा वजा होत नाही.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांना तेथील सैन्य-नाणे भेट म्हणून मिळू शकते. विमानतळावर दागिन्यांसाठी असलेली शुल्कसवलत नाण्यांना लागू होत नाही, म्हणून मूळ पावतीसह ते जाहीर करावे. पुढे विकताना ही पावतीच खरेदी किंमत सिद्ध करते. चोवीस महिन्यांनंतर विकले तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा लाभ नाही.

आणि घरात आजी-पणजीची गिनी असेल तर ती वितळवण्यापूर्वी भिंग घेऊन पाहावी. साल १९१८ असेल, आणि सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेच्या मध्यभागी इंग्रजी ‘आय’ हे इवलेसे अक्षर असेल, तर ती मुंबईची आहे. वजन ७.९८ ग्रॅम आणि व्यास २२ मिलिमीटर भरला पाहिजे, कारण सराफांनी हौसेखातर पाडलेल्या गिन्याही जुन्या डब्यांत पुष्कळ सापडतात. नाणे ब्रासो किंवा चिंच लावून घासू नये, त्याने संग्राहकाच्या दृष्टीची किंमत उतरते. अशी गिनी परदेशातील मुलांना भेट म्हणून पाठवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण तिला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.